चौदा आणे तयार झालं की काढा

या वेळी आलेली पत्रं वाचताना एक गोष्ट लक्षात आली. कोणी होमस्टेबद्दल लिहिलंय, कोणी मुलीच्या दहावीबद्दल, एका काकूंनी मोदकांबद्दल, पण दुखणं सगळ्यांचं एकच आहे, सगळं अगदी बिनचूक झाल्याशिवाय हातातून सोडवत नाही. म्हणून अख्खा कॉलम यालाच द्यायचं ठरवलं. नावं कोणाचीच देत नाहीये, गाव तेवढं देते.

प्रश्न (मालवण तालुका): ताई, नमस्कार. माझं वय ३४. घर समुद्रापासून चालत सात-आठ मिनिटांवर. जुन्या घरामागे आम्ही दोन खोल्या बांधल्या, बाथरूम आतच, होमस्टे करायचा म्हणून. बांधून दोन सीझन गेले तरी मी एकही पाहुणा घेतलेला नाही. आधी बाथरूमच्या टाइल्सची लाइन एका कोपऱ्यात सरळ नव्हती म्हणून ती काढून परत बसवली. मग पडद्यांचा रंग भिंतीवर उठेना. मग फोटो चांगले येईनात. पावसात भिंतीला ओल आली, पोपडे निघाले, परत रंग काढला. नवरा काही बोलत नाही पण बँकेचा हप्ता चालू आहे. सासूबाई म्हणतात, ‘गो बाय, माणसां येतली रवाक, देव नाय.’ मला पटतं त्यांचं, पण एखाद्याने वाईट रिव्ह्यू टाकला तर तो कायमचा राहणार ना, ही भीती जात नाही. माहेरचे म्हणतात मी चालढकल करते. मी पहाटे पाचपासून कामात असते हो.

उत्तर: तू चालढकल करत नाहीस, हे आधी सांगते. चालढकल करणारं माणूस टाइल्स उकरून परत बसवत नाही. तू दोन वर्षं राबतेयस, फक्त त्या राबण्याला शेवट नाहीये, आणि म्हणून बाहेरून ते काम टाळल्यासारखं दिसतं.

माझी एक गोष्ट सांगते, रत्नागिरीजवळची, आमच्या बागेतली. मी कॉलेजात होते तेव्हा एका वर्षी ऐन एप्रिलमध्ये बाबा आजारी पडले आणि हापूसची काढणी माझ्याकडे आली. बाबांचा नियम होता, फळ चौदा आणे तयार झालं की काढायचं. बागायतदारांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते की आंब्याची तयारी आपल्याकडे अजून आण्यात मोजतात. सोळा आणे म्हणजे पूर्ण पिकलेलं. चौदा आणे म्हणजे देठाजवळचे खांदे भरलेत, देठाशी बारीक खळगा पडलाय, साल अजून हिरवीच आहे पण तो कोवळा काळपट हिरवेपणा गेलाय. असं फळ झेल्याने, म्हणजे टोकाला जाळी लावलेल्या काठीने, देठासकट उतरवायचं, म्हणजे चीक सालीवर सांडून डाग पडत नाही, आणि पुढचं पिकणं पेंढ्याच्या अढीत होतं. मला त्या वर्षी वाटलं, बाबा नाहीत तर माझ्या हातून एक फळसुद्धा कच्चं जायला नको. म्हणून थांबले. अजून दोन दिवस, अजून तीन दिवस, करत करत आठवडा गेला. गडी माणसं दोनदा येऊन परत गेली. पेट्या भरल्या तेव्हा दिसायला असला सुंदर माल मी कधी बघितला नव्हता. मुंबईहून चौथ्या दिवशी व्यापाऱ्याचा फोन आला. घरासाठी ठेवलेल्यातला एक मी विळीवर कापला, वरची फोड केशरी, आणि आत बाठीजवळ पांढरट, ओल्या कापसासारखा पट्टा. साका. दुसरा कापला, त्यातही तेच. हापूस झाडावर जास्त राहिला की साक्याचं प्रमाण वाढतं हे मला ऐकून माहीत होतं की. साक्याला इतकी वर्षं लोक त्रासलेत की दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९८१ मध्ये ‘रत्ना’ ही जात आणली, नीलम आणि हापूसच्या संकराची, तिचा मोठा गुण हाच की तिच्यात साका होत नाही. तर, बाबा काही रागावले नाहीत. पडल्या पडल्या एवढंच म्हणाले की उरलेले दोन आणे आपल्या हातात नसतात, ते अढीत होतात.

तुझ्या खोल्या गेल्या दिवाळीलाच चौदा आणे झाल्यात. उरलेले दोन आणे पाहुणे राहून गेल्याशिवाय होणारच नाहीत. बाथरूममध्ये टॉवेल टांगायला खुंटी कुठे हवी, रात्री लाइट गेली तर बॅटरी कुठे हाताला लागली पाहिजे, सकाळी साडेसातला चहा हवा की साडेआठला, हे रिकाम्या खोलीत उभं राहून कोणालाच कळत नाही ग.

आता त्या रिव्ह्यूच्या भीतीबद्दल. पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये परफेक्शनिझमचे तीन प्रकार मांडले. एकात माणूस स्वतःकडून बिनचूकपणा मागतो, दुसऱ्यात इतरांकडून मागतो, आणि तिसऱ्यात त्याला वाटत असतं की जग आपल्याकडून तो मागतंय, चुकलो तर लोक सोडणार नाहीत. तुझा हा तिसरा. आणि यात तू एकटी नाहीस. थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४१ हजारांहून जास्त कॉलेज विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातली उत्तरं एकत्र करून बघितली, तर तिन्ही प्रकार वाढलेले दिसले, पण सगळ्यात जास्त हा तिसरा, ३३ टक्क्यांनी. त्या देशांतली मुलं आणि आपली मालवणची तू यात फरक आहे मान्य, पण प्रत्येक गोष्टीला अनोळखी लोकांनी स्टार द्यायचे हे जग आता आपल्याही अंगणात आलंय आणि ते दडपण मला रोज समोर बसलेल्या माणसांत दिसतं.

म्हणून एक वही घे आणि दोन पानं कर. पहिल्या पानावर जिथे सोळा आणेच लागतात ते लिही. वायरिंग आणि अर्थिंग. गिझर. प्यायचं पाणी. गॅसची नळी. बाथरूमची फरशी ओली असताना पाय सरकतो का. विहिरीचा कठडा, कारण लोक लहान पोरं घेऊन येतात. चादरी स्वच्छ धुतलेल्या. मासे ताजे. पर्यटन विभागाच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदणी करणार असशील तर त्याचे कागद. इथे कणभरही सवलत नाही, इथे तुझा स्वभाव पुरेपूर वापर. दुसऱ्या पानावर बाकीचं सगळं, पडदे, टाइलची लाइन, भिंतीचा रंग, फोटो. हे चौदा आण्याला सोडायचं. भिंतीचं तर विशेष सांगते, वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो त्या आपल्या जिल्ह्यात, आणि चिऱ्याच्या भिंतीला ओल येतेच. पोपडे दर पावसाळ्यानंतर खरवडायचेच असतात. आपल्या आज्या दर वर्षी पाऊस सरला की अंगण नव्याने करायच्या, माती टाकून चोपायच्या, सारवायच्या, आणि पुढच्या आषाढात ते परत वाहून जायचं. एकदा केलं की कायमचं झालं असं कोकणातल्या घरात काही नसतं.

आणि तारीख ठरव. नाताळच्या गर्दीच्या आधी, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातला शनिवार. दोन ओळखीची कुटुंबं बोलाव, निम्मे पैसे घे, पण घे, फुकट नको, फुकट आलेले खरं बोलत नाहीत. ते यायच्या आदल्या रात्री वहीत लिहून ठेव, कोण कशाला नावं ठेवेल असं तुला वाटतंय. टाइल, पडदा, जे मनात येईल ते. ते गेल्यावर समोर लिही, खरंच काय बोलले. डेव्हिड बर्न्स नावाचे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आहेत, ते आपल्या पेशंटना याच जातीचा एक तक्ता करायला लावायचे, एका रकान्यात काम किती टक्के चांगलं झालं, दुसऱ्यात त्यातून समाधान किती टक्के मिळालं. हे दोन आकडे एकमेकांशी जुळतच नाहीत, हे लोकांना स्वतःच्या अक्षरात दिसलं की पटतं. दुसऱ्याने सांगून पटत नाही, मी इतकी वर्षं सांगतेय म्हणून मला माहीत आहे.

वाईट रिव्ह्यू येईल का? येईल. कधी ना कधी एक नक्की येईल. त्या दिवशी सासूबाईंच्या शेजारी जाऊन बस, त्यांनी एका वाक्यात जे सांगितलंय ते मी दोन पानांत सांगितलं. आणि जानेवारीत मला कळव, वाट बघतेय.

प्रश्न (अलिबाग): मी २९ वर्षांचा, एका खाजगी कंपनीत आहे. साधा चार ओळींचा मेल पाठवायला मला तासभर लागतो. लिहितो, वाचतो, शब्द बदलतो, परत वाचतो. पाठवल्यावर सेंटमध्ये जाऊन परत वाचतो. एकदा स्पेलिंग चुकलेलं दिसलं तर रात्री झोप लागली नाही. साहेब म्हणतात काम चांगलं आहे पण स्पीड नाही.

उत्तर: थोडक्यात सांगते तसं कर. मेलचे दोन ढीग. ज्यात पैशाचा आकडा, तारीख किंवा कराराची अट आहे तो तीनदा वाच, आकडा बोट ठेवून वाच. बाकीचा प्रत्येक मेल दोनदा वाचायचा आणि पाठवायचा, सेंटमध्ये जायचं नाही. पहिले आठ-दहा दिवस छातीत धडधडेल. ती धडधड काहीतरी चुकल्याची खूण आहे असं तुला वाटेल, पण ती फक्त सवय मोडल्याची आहे, मोबाइल लांब ठेवला की होते तशी, आणि ती आपली आपण उतरते. उतरेपर्यंत सेंट उघडायचं नाही एवढंच तुझं काम.

हर्बर्ट सायमन नावाचे एक विद्वान होऊन गेले, १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. त्यांचं म्हणणं असं की माणसाजवळ वेळ आणि माहिती दोन्ही अपुरी असतात, त्यामुळे सगळ्यात उत्तम पर्याय शोधत बसण्याऐवजी आपण ‘एवढं पुरे’ ही रेघ मारतो आणि ती ओलांडणारा पहिला पर्याय घेतो. तुझी अडचण ही की तू ती रेघ मारतच नाहीस. मेल लिहायला घेण्याआधी मार. समोरच्याला काय हवंय ते कळलं, की झाला मेल.

प्रश्न (चिपळूण): माझी मुलगी यंदा दहावीला आहे. हुशार आहे, पण वहीत एक खाडाखोड झाली की पान फाडते. गणिताच्या वह्या निम्म्या झाल्यात. सराव परीक्षेत भूमितीच्या पेपरात आकृती तीनदा खोडून काढली आणि शेवटचा प्रश्न राहिला. घरी येऊन दोन तास रडली. आम्ही तिला कधी मार्कांसाठी ओरडलो नाही. उलट सगळ्यांना सांगतो की ती खूप परफेक्ट आहे, तिला काही सांगावंच लागत नाही. मग हे कुठून आलं?

उत्तर: ताई, तुमच्या पत्रातल्या शेवटून दुसऱ्या वाक्यापाशी मी थांबले. तुम्ही प्रेमानेच म्हणता हे मला दिसतंय. पण ‘आमची मुलगी परफेक्ट आहे’ हे वाक्य पाहुण्यांसमोर दहा वेळा ऐकलेल्या मुलीला वाटायला लागतं की आईबाबांना आवडते ती परफेक्ट असलेली मी, खाडाखोड केलेली मी कोणाला आवडेल काय माहीत. ते पान ती त्यासाठी फाडते. चूक लपवायची असते तिला, तुमच्यापासूनही आणि स्वतःपासूनही. दोष देत नाहीये हो तुम्हाला, घराघरात हे होतं, माझ्या घरात झालंय.

त्यात आपला कोकण बोर्ड. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, दोनच जिल्हे, आणि राज्यात निकालात वर्षानुवर्षं पहिला. २०२४ ला दहावीचा निकाल ९९.०१ टक्के लागला. अभिमान आहेच, असायलाच हवा, पण निकालाच्या दिवशी पेपरात ‘कोकणच अव्वल’ वाचणाऱ्या मुलाच्या मनात हेही येतं की इतके सगळे पास होतात तर नुसत्या पास होण्याला, नुसत्या चांगल्या मार्कांना काय किंमत.

करायचं काय ते सांगते. तिच्याशी बोलताना एक अक्षर बदला, ‘च’. अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञांनी १९५५ च्या सुमाराला जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, जी आपल्याकडे कि. मो. फडके यांनी आणली आणि रुजवली, तिचा गाभा मराठीत एका ‘च’मध्ये मावतो. ‘मला चांगले मार्क मिळावेत’ ही इच्छा. ‘मला चांगले मार्क मिळालेच पाहिजेत’ हा हट्ट. इच्छा पुरी नाही झाली तर माणूस खट्टू होतो आणि दुसऱ्या दिवशी परत अभ्यासाला बसतो. हट्ट पुरा नाही झाला तर दोन तास रडतो आणि पान फाडतो. तिला हे भाषण म्हणून देऊ नका, मुलं भाषण ऐकत नाहीत. तुम्ही स्वतः बोलताना ‘च’ पकडा, ‘आज भाजी वेळेत झालीच पाहिजे’ असं तोंडात आलं तर तिच्यासमोर बदला, ‘झाली तर बरं’. ती ऐकत असते.

दुसरं, गणिताच्या वहीतून खोडरबर काढून घ्या. भूमितीच्या आकृतीपुरता ठेवा, बाकी चूक झाली की एक आडवी रेघ आणि पुढे. सांगा तिला की गणितात पायऱ्यांना मार्क असतात, उत्तर चुकलं तरी बरोबर लिहिलेल्या पायऱ्यांचे मिळतात, पण कोऱ्या जागेला शून्यच. भूमितीचा पेपर ४० मार्कांचा, दोन तास, म्हणजे एका मार्काला तीन मिनिटं. तीन मार्कांच्या प्रश्नावर नऊ मिनिटं झाली की तो जसा असेल तसा सोडून पुढे जायचं. घरी घड्याळ लावून आठवड्यातून दोनदा हे करून घ्या, आणि सोडवलेल्या पेपरात किती बरोबर आलं हे न बघता सगळे प्रश्न लिहिले का एवढंच बघा. महिनाभर तेवढंच. आणि हेही सांगा की टक्के बेस्ट ऑफ फाइव्हवर निघतात, एक विषय हातचा असतो.

आणि एक, हे नीट वाचा. रडणं एकदा-दोनदा होणं वेगळं. ती जेवेनाशी झाली, झोप उडाली, मैत्रिणींशी बोलेनाशी झाली किंवा ‘मी नसलेलीच बरी’ अशा अर्थाचं काहीही बोलली, तर परीक्षा होऊ दे मग बघू असं म्हणू नका. त्याच दिवशी टेलिमानसच्या १४४१६ वर फोन करा, सरकारी सेवा आहे, २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, चोवीस तास चालू, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि जवळच्या डॉक्टरांना दाखवा. तिला एकटीला ठेवू नका. दहावी परत देता येते.

प्रश्न (गुहागर): माझं वय ६१. घरच्या गणपतीचे उकडीचे मोदक गेली ३५ वर्षं मी करते, गावात नाव आहे. दोन वर्षांपूर्वी मुलाचं लग्न झालं. सून पुण्याची, नोकरी करते, स्वभावाने चांगली. पहिल्या वर्षी तिला शिकवायला घेतलं, तिच्या मोदकांच्या कळ्या जाड यायच्या म्हणून मी मोडून परत करून ठेवले. रागावले नाही काही. या वर्षी ती म्हणाली, आई तुम्हीच करा, मी आरतीची तयारी बघते. मुलगा म्हणतो तुझ्यामुळे. नैवेद्य नीट व्हावा एवढंच माझं म्हणणं, यात काय चुकलं?

उत्तर: काकू, नैवेद्य नीट व्हावा यात काहीच चुकलं नाही. तिने केलेले मोदक तिच्यासमोर मोडले, तिथे चुकलं. तुम्ही विचारलंत म्हणून सरळ सांगते, आणि मला तुमच्याबद्दल आदर आहे म्हणूनही सरळ सांगते. ३५ वर्षं घरच्या नैवेद्याचे मोदक करायचे म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. पहाटे उकड काढायची, वाफ जिरायच्या आत तेला-पाण्याचा हात लावून ती मळायची, हात पोळतात पण गार झाली की पारीला तडे जातात म्हणून थांबता येत नाही, आणि मांडीला रग लागेपर्यंत एकवीस आणि घरच्यांसाठी अजून पन्नास वळायचे.

आता जरा तिच्या जागी बसून बघा. नवीन घर, पाटावर बसायची सवय नाही, ओळखीचं कोणी नाही, मुंबईहून आलेले चार चाकरमानी येता-जाता स्वयंपाकघरात डोकावतायत. ती अंगठा आणि दोन बोटांनी पारीला चिमटे काढतेय, अकरा कळ्या पाडायच्यात, सहावी पाडेपर्यंत पहिली मिटते. कसाबसा बंद करते, नाक जरा वाकडं. चाळणीत हळदीच्या पानावर ठेवते. आणि दोन मिनिटांनी बघते तर तो मोदक तुमच्या हातात, उकडीचा परत गोळा झालेला. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत हे खरं. पण त्या गोळ्याने सांगितलं ना तिला, तुझं इथे चालणार नाही.

मघाशी वर मी तीन प्रकार सांगितले, त्यातला दुसरा हा, इतरांकडून बिनचूकपणा मागणारा. याचा सगळ्यात मोठा त्रास हा की मागणारा हळूहळू एकटा पडतो. कामं सगळी त्याच्याकडेच येतात, कारण दुसऱ्या कोणाचं त्याला चालत नाही, आणि मग गुडघे दुखायला लागल्यावर तोच म्हणतो की मला कोणी हातभार लावत नाही.

माझी आजी अशीच होती, सुगरण. तिच्या हयातीत तिने आईला एकदाही उकड मळू दिली नाही. आजी गेली त्या वर्षीच्या चतुर्थीला आई परातीपुढे बसून होती आणि पाणी किती घ्यायचं हे तिला माहीत नव्हतं. शेजारच्या काकूंना विचारायला मला पाठवलं. मी नऊ-दहा वर्षांची असेन. आईचा तो चेहरा माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

तेव्हा असं करा. चतुर्थीची वाट बघू नका, येत्या संकष्टीला ती रजेवर किंवा सुट्टीला घरी असेल तर दोघींनी मिळून करा, नुसते अकरा. तुम्ही उकड काढा, वळायचं तिने. तुम्ही तुमचे हात कशात तरी गुंतवा, नारळ खवा, काहीही करा, पण तिच्या मोदकाला हात लावायचा नाही. फुटला तर फुटू दे. वाफेत एखादा मोदक फुटून सारण बाहेर येतंच, तुमचाही येत असेल कधी, खरं सांगा. तिचे जसे होतील तसे देवापुढे ठेवा, तिच्यासमोर ठेवा, आणि जेवताना तिच्या हातचा मोदक स्वतःच्या पानात वाढून घ्या, वर तूप सोडा.

आणि शेवटी उरलेल्या उकडीत मिरची-जिरं-मीठ घालून निवगऱ्या करता ना तुम्ही? त्या तिला करायला द्या, अगदी सुरुवातीपासून. निवगरीला आकार बघत नाही कोणी, बोटांनी दाबली की झाली, आणि आमच्या घरात तरी मोदकांच्या आधी निवगऱ्याच संपतात. तिथून तिचा हात बसेल. मुलाला सांगा की मी ताईंना विचारलं आणि मी चुकले होते. सुनेला वेगळं काही सांगायची गरज नाही, तो सांगेल.

प्रश्न (हर्णै): तुम्ही मागे एका उत्तरात लिहिलं होतं की थोडं कमी झालं तरी चालतं. मला ते पटलं नाही. माझी बोट आहे, चार खलाशी माझ्या भरवशावर समुद्रात येतात. आमच्या धंद्यात कमी चालत नाही. सगळ्यांनीच असं म्हटलं तर नुसत्या पाट्या टाकायच्या का?

उत्तर: दादा, तुमचं बरोबर आहे आणि मागच्या वेळी मी नीट लिहिलं नव्हतं. तुमच्या पत्रामुळे नीट लिहिते. इंजिन, वायरलेस, लाइफ जॅकेट, हवामानाचा इशारा, यात चौदा आणे चालत नाहीत. तिथे जो म्हणेल चालतंय की, त्याच्या बोटीवर मी माझ्या माणसाला पाठवणार नाही. मालवणच्या मुलीला मी वही करायला सांगितली तिचं पहिलं पान तुमचंच आहे असं समजा.

पण दादा, तुम्ही स्वतःच कसं काम करता ते आठवा. १ जून ते ३१ जुलै बंदी. बोट वर ओढलेली, तळ खरवडून रंग लागतोय, इंजिन खोललंय, आणि ओटीवर जाळं पसरून तुम्ही आस न् आस, म्हणजे जाळ्याचा एकेक डोळा, बघताय. फाटलेला प्रत्येक आस तुम्ही सांधताच, असं मला वाटत नाही. जाळ्याच्या ज्या भागावर ओढ येते तिथलं एकही भोक ठेवत नसाल. कडेचे एक-दोन बारीक आस राहिले तर राहिले, आणि सगळंच नवं हवं म्हणून बंदी उठल्यावर कोणी महिनाभर किनाऱ्यावर बसत नाही. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला, वारा बरा असला, की निघता. सुई-दोरा बोटीवर बरोबर असतोच, फाटलं तर तिथे सांधायला. पाट्या टाकणारा जाळं बघणारच नाही. आणि ज्यांच्यासाठी मी हा कॉलम लिहितेय ते जाळं सांधत सांधत गौरी-गणपती उलटले तरी धक्क्यावरच असतात, आणि घरात चूल पेटायची असते.

आता एक विचारते. हर्णैला संध्याकाळी लिलाव लागतो तेव्हा तुमच्या टोपलीतली सुरमई बघून तुम्ही खूश होता, की जी सुटली तिच्याबद्दल रात्रभर मनात घोळवत राहता? पत्रात तुम्ही लिहिलंय की गेलं वर्षभर झोप लागत नाही, डिझेलचा हिशोब रात्री उठून परत तपासता, आणि बोट चालवणाऱ्या तांडेलावर विश्वास असूनही प्रत्येक फेरीला स्वतः जाता, ताप असला तरी. ते मी वर छापलं नाही, पण वाचलंय. चार माणसांचा जीव सांभाळणाऱ्याने झोपलं पाहिजे दादा. पुढची एक फेरी तांडेलाला एकट्याने नेऊ द्या, आणि त्या रात्री डिझेलची वही वहिनींच्या कपाटात कुलुपात ठेवायला सांगा. परत लिहा मला, बोट आली की.